मुलांच्या लठ्ठपणाचं तपासणी पॅकेज: ठाणे-नवी मुंबईत मिळणाऱ्या मालाचं परीक्षण

मुलांच्या लठ्ठपणाची तपासणी ठाण्यात आणि खाडीपलीकडे नवी मुंबईत सध्या तीन तऱ्हेने विकली जाते. पहिली ॲपवरची: सकाळी सातला घरी माणूस येतो, रक्त घेऊन जातो, संध्याकाळी मोबाइलवर पीडीएफ. दुसरी मोठ्या खासगी रुग्णालयांची: रक्त, लघवी, सोनोग्राफी, ईसीजी, कधी टूडी एको, आणि शेवटी डॉक्टरांची भेट. तिसरी वजन उतरवून देणाऱ्या क्लिनिकांची: चरबी मोजणारं यंत्र, डाएट चार्ट आणि तीन महिन्यांचा ‘प्रोग्रॅम’. नावं निरनिराळी, आतला माल बराचसा एकच. म्हणून हे परीक्षण कुठल्या एका लॅबचं नाही, त्या मालाचं आहे.

मत आधी देऊन टाकतो. रक्ताच्या चार तपासण्या कामाच्या आहेत, बाकी बहुतेक भरताड आहे. आणि जे खरोखर लागतं ते, म्हणजे मोजपट्टी, मुलाच्या दंडाला बसेल असा बीपीचा पट्टा, मुलांचा वाढतक्ता आणि महिनोन्‌महिने पाठपुरावा, पॅकेजात सहसा नसतंच.

७२ तपासण्या म्हणजे किती नळ्या?

जाहिरातीतला मोठा आकडा आधी फोडून पाहावा. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, ही एक नळी, पण रिपोर्टात तिच्या वीस-बावीस ओळी होतात. लघवीच्या साध्या तपासणीच्या पंधराएक, लिव्हरच्या दहा-बारा. लिपिड प्रोफाइलच्या, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीच्या, आठ-नऊ ओळींमध्ये खरं मोजमाप तिघा-चौघांचंच असतं. व्हीएलडीएल म्हणजे बरेचदा ट्रायग्लिसराइडला पाचने भागून आलेला आकडा, नॉन-एचडीएल म्हणजे वजाबाकी, आणि खालचे रेशो म्हणजे नुसते भागाकार. एचबीएवनसी ही गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, तिच्याखाली छापलेली ‘सरासरी साखर’ही सूत्रातूनच येते. दर ऑफरप्रमाणे हलत राहतात, त्यामुळे दोन पॅकेजांची तुलना रुपयांत करण्याआधी नळ्यांत करावी.

लागतात त्या चार अशा: उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल, उपाशीपोटी साखर किंवा एचबीएवनसी, एसजीपीटी (लिव्हरची तपासणी) आणि सीबीसी. पहिल्या तीन अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत लठ्ठपणा असलेल्या १० वर्षांच्या आणि त्यापुढच्या मुलांसाठी सांगितल्या आहेत. २ ते ९ वयाच्या लठ्ठ मुलांत लिपिड पाहता येतं. साखर आणि लिव्हर सरसकट पाहायची गरज नसते. तरीही पाच वर्षांच्या मुलासाठीसुद्धा तीच पूर्ण यादी विकली जाते. सीबीसी चौथी, कारण ती नसेल तर एचबीएवनसी वाचताच येत नाही. त्याविषयी पुढे.

रिपोर्टवरचा ‘नॉर्मल’ कोणाचा?

पॅकेजातला सगळ्यात मोठा दोष इथे आहे. तपासणी मुलाची आणि शेजारच्या रकान्यातली मर्यादा मोठ्या माणसाची. वय नोंदवलेलं असतं, तरी अनेक रिपोर्टांत रकाना बदलत नाही.

समजा, नऊ वर्षांच्या मुलाचं ट्रायग्लिसराइड १२८ आलं. रकान्यात ‘१५० पेक्षा कमी’ असं छापलेलं, म्हणून आकडा काळ्या शाईत, आईवडील निश्चिंत. पण ९ वर्षांपर्यंतच्या मुलांत ७५ च्या आत असेल तर चांगलं आणि १०० किंवा जास्त म्हणजे वाढलेलं. १० ते १९ वयात ९० च्या आत चांगलं, १३० पासून वाढलेलं. म्हणजे हा १२८ सरळ जास्त आहे. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, ११० च्या आत हवं, १३० पासून जास्त. नॉन-एचडीएल १२० च्या आत हवं, १४५ पासून जास्त. एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, ४५ च्या वर हवं, ४० च्या खाली कमी. हे पाच-सहा आकडे कागदावर लिहून रिपोर्टाशेजारी ठेवावेत, कारण लॅबचा रंग ते सांगणार नाही.

एसजीपीटीची गत आणखी वाईट. रकान्यात ४० किंवा ४५ पर्यंत नॉर्मल छापतात. मुलांच्या फॅटी लिव्हरच्या चाळणीसाठी वापरायची मर्यादा मुलग्यांत २६ आणि मुलींत २२ आहे. तेव्हा ३८ आलेली मुलगी ‘नॉर्मल’ नाही. लगेच घाबरायचं कारणही नाही. ताप येऊन गेला असेल, एखादं औषध चालू असेल तरीही आकडा चढतो. तीन महिन्यांहून जास्त काळ तो मर्यादेच्या दुपटीवर राहिला तर पुढच्या तपासण्या लागतात, आणि ८० ओलांडला तर तीन महिने थांबत बसू नये.

उलटीही गंमत होते. अल्कलाइन फॉस्फेटेज लाल रंगात, शेजारी ‘हाय’. वाढत्या हाडांतून ते येतं, त्यामुळे वाढीच्या वयातल्या मुलांत ते मोठ्यांच्या दुपटी-तिपटीवर असणं हा तब्येतीचा पुरावा. क्रिएटिनिन ‘लो’ दाखवतात, तेही स्नायू लहान असल्यामुळेच. म्हणजे जिथे थांबायला हवं तिथे हिरवा दिवा आणि जिथे काही नाही तिथे लाल. ॲपवर या लाल आकड्यांवरून लगेच ‘हाय रिस्क’चा शिक्का बसतो आणि पुढच्या पॅकेजसाठी फोन येतो.

ट्रायग्लिसराइडकडे एवढं का पाहायचं, तर आपल्याकडे तेच बिघडतं. २०१६ ते २०१८ मध्ये झालेल्या देशव्यापी पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वयाच्या साधारण एक तृतीयांश मुलांत ते वाढलेलं सापडलं, आणि दहातल्या एका मुलात मधुमेहाच्या उंबरठ्यावरची साखर. यांतली सगळी मुलं काही जाडी नव्हती. हृदयाचं म्हणाल तर अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या बोगालुसा गावी १९७० च्या दशकात मुलांचा अभ्यास सुरू झाला. अपघातासारख्या कारणांनी गेलेल्या मुला-तरुणांच्या रक्तवाहिन्या पाहिल्या तेव्हा चरबीचे पट्टे लहानपणीच दिसले, आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन), बीपी, एलडीएल, ट्रायग्लिसराइड यांतल्या जितक्या गोष्टी एकत्र बिघडलेल्या तितके ते जास्त पसरलेले होते. दुसरी बाजूही ठाऊक असावी. त्या आणि आणखी तीन दीर्घ अभ्यासांची माहिती एकत्र करून २०११ मध्ये दिसलं ते असं: लहानपणी वजन जास्त, पण मोठेपणी लठ्ठपणा उरला नाही, अशांचा मधुमेह-बीपीचा धोका कधीच लठ्ठ नसलेल्यांच्या जवळपास आला. ही बातमी सांगणारं पॅकेज मात्र अजून बाजारात नाही.

आता एचबीएवनसी. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ उंबरठा, १२६ पासून मधुमेह. त्रास नसलेल्या मुलात एका आकड्यावर शिक्का मारत नाहीत, दुसरी तपासणी जुळावी लागते. पण एचबीएवनसी लाल पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असतं. लोह कमी असेल तर ते खोटं चढतं. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक असेल तर तपासणीच्या पद्धतीप्रमाणे चुकीचं येऊ शकतं. मोठी सिंधी वस्ती असलेलं उल्हासनगर ठाणे जिल्ह्यातच आहे. सिंधी आणि लोहाणा कुटुंबांत थॅलेसेमियाचे वाहक जास्त, हे इथल्या डॉक्टरांना सांगावं लागत नाही, पण पीडीएफला ते कळत नाही. म्हणून सीबीसीतलं हिमोग्लोबिन आणि एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) आधी पाहावं. एमसीव्ही खूप खाली असेल तर एचबीएवनसी बाजूला ठेवून उपाशीपोटीच्या साखरेवर भरवसा ठेवावा, आणि गरज पडलीच तर ग्लुकोज पाजून दोन तासांनी. त्यात ग्लुकोज किलोमागे १.७५ ग्रॅम, जास्तीत जास्त ७५ ग्रॅम. मुलगा ३० किलोचा असेल तर ५२.५ ग्रॅम, अख्खं ७५ ग्रॅमचं पाकीट नव्हे. लॅबमध्ये हे आवर्जून विचारावं.

सुई, नळी आणि रायडर

घरी येऊन रक्त घेण्याची सोय ठाण्यात खरंच चांगली आहे. वेळ बहुतेक पाळतात, सुई-नळ्या समोर फोडतात. अडतं ते मुलांच्या हाताच्या सवयीवर. बुकिंग करतानाच ‘लहान मुलांचं रक्त घेणारा माणूस पाठवा’ असं सांगावं. लठ्ठ मुलाच्या कोपराच्या वळणात शीर दिसत नाही, बोटाने चाचपडूनच सापडते. शिकाऊ माणूस दोनदा टोचतो, सिरिंजचा दट्टा जोरात ओढतो, लाल पेशी फुटतात, आणि मग एसजीओटी व पोटॅशियम खोटं वाढलेलं येतं. रिपोर्टच्या तळाशी ‘सॅम्पल हिमोलाइज्ड’ असं बारीक अक्षरात दिसलं तर तेवढ्या तपासण्या पुन्हा मागाव्यात. पैसे पुन्हा देऊ नयेत. बारीक नळी लावलेली २३ नंबरची फुलपाखरू सुई मागितली तर मिळते. बधिर करणारं मलम डॉक्टरांना विचारून तासभर आधी लावलं तर टोचणं फारसं कळत नाही.

नळ्यांचे रंग पाहावेत: जांभळ्या बुचाची सीबीसी आणि एचबीएवनसीसाठी, राखाडी साखरेसाठी, पिवळी किंवा लाल बाकी सगळ्यासाठी. राखाडी नळी नसेल तर विचारा. साध्या नळीत पेशी साखर खात राहतात आणि तासाला साधारण ५ ते ७ टक्के आकडा उतरतो. कोलशेतहून नमुने घेऊन निघालेला रायडर आणखी चार घरं करून माजिवड्याच्या कोंडीतून सेंटरला पोचेपर्यंत १०४ ची साखर ९२ होऊन जाते.

उपास ८ ते १२ तास पुरे. पाणी चालतं, दूध नाही, ‘अर्धा कप चहाने काय होतंय’ तेही नाही. आदल्या रात्री लग्नाचं किंवा वाढदिवसाचं जेवण झालं असेल तर तारीख पुढे ढकला. मूल तापातून उठलं असेल तर दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

भरताड

उपाशीपोटीचं इन्सुलिन आणि त्यावरून काढलेला होमा-आयआर ही महागड्या पॅकेजांची खरी ओळख. एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेची २०१७ ची मार्गदर्शिका लठ्ठ मुलांत ते मोजू नये असं सांगते. वयात येताना प्रत्येक मुलाच्या शरीरात इन्सुलिनला विरोध आपसूक वाढतो, लॅबगणिक आकडा बदलतो, आणि आकड्यावरून उपचार काहीच बदलत नाही. इन्सुलिनचा विरोध फुकटात पाहायचा असेल तर मानेच्या मागे पाहा. काळपट, मखमलीसारखी जाड झालेली कातडी तेच सांगते. ती मळ नव्हे. बेसन-दही, लिंबू, उटणं लावून घासून पोराची मान सोलू नये.

टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी. वजन जास्त असलेल्या मुलांत ते ५ ते १० च्या मध्ये येणं नेहमीचं. एफटीफोर, म्हणजे खुद्द थायरॉइडचं हार्मोन, व्यवस्थित असेल तर हा वजनाचा परिणाम आहे, कारण नव्हे. वजन उतरलं की तेही उतरतं. एवढ्यावर गोळी सुरू करणारे आहेत, आणि मग ‘थायरॉइडमुळेच वजन वाढलं’ अशी घरभर समजूत होऊन बसते. हार्मोनचा खरा आजार ओळखायची खूण उंचीत असते. खाऊन जाड झालेलं मूल वयाच्या मानाने बहुधा उंच असतं. जाडी वाढतेय आणि उंची थांबली आहे, वर्गात पुढच्या बाकावर सरकलं आहे, अशा मुलाला पॅकेज नको, बाल-हार्मोनतज्ज्ञ हवा.

ड जीवनसत्त्व कमी येणार हे जवळपास ठरलेलं. कमी असेल तर भरून काढावं, त्याने वजन उतरत नाही. ईसीजी आणि एको कशासाठी असतात कळत नाही. मुलाला बीपीचा आजार ठरला आणि औषध द्यायचं ठरतंय, तेव्हा एकोला अर्थ आहे. सोनोग्राफीत सौम्य फॅटी लिव्हर निसटतं, त्यामुळे ‘सोनोग्राफी क्लिअर’ म्हणून एसजीपीटीकडे दुर्लक्ष करू नये. क्लिनिकातलं चरबी मोजणारं यंत्र पायातून अगदी सौम्य वीज सोडून अंदाज बांधतं. मूल खेळून घामाघूम आलं, पाणी प्यायलं, की आकडा हलतो, आणि बऱ्याच यंत्रांतली सूत्रं मोठ्यांची असतात. ‘शरीराचं वय १९’ असा नऊ वर्षांच्या मुलाचा छापील कागद त्यातूनच येतो.

जे पॅकेजात नाही आणि घरी होतं

बीएमआय ॲपवर काढतात, पण मोठ्यांच्या तराजूवर. सात वर्षांचा मुलगा, उंची १२० सेंटिमीटर, वजन ३० किलो. बीएमआय २०.८. मोठ्यांच्या रकान्यात हे छान हिरव्या रंगात बसतं. सात वर्षांच्या मुलासाठी तो लठ्ठपणा आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वयासाठी सुधारित वाढतक्ते दिले. त्यांत बीएमआयच्या आलेखावर दोन खास रेषा आहेत: मोठेपणीच्या २३ ला जुळणारी, ती ओलांडली की वजन जास्त; आणि २७ ला जुळणारी, ती ओलांडली की लठ्ठपणा. मुलगे आणि मुली यांचे तक्ते वेगळे. बालरोगतज्ज्ञाकडे ते असतात. फाइलमध्ये एक प्रत लावून दर तीन महिन्यांनी ठिपका टाकावा. एका ठिपक्याला अर्थ नसतो, चार ठिपक्यांची दिशा बोलते.

उंची भिंतीला टाच, ढुंगण आणि पाठ टेकवून, चपला आणि केसांचा बुचडा काढून, डोक्यावर पुस्तक आडवं धरून घ्यावी. उंची दोन सेंटिमीटरने चुकली तरी बीएमआय अर्ध्याहून जास्त सरकतो.

नंतर पोट. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यावर, शिंप्याची टेप न आवळता. घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त नको: १४० सेंटिमीटर उंचीला ७० च्या आत. आपल्या मुलांत हे विशेष पाहावं, कारण हातपाय काटकुळे आणि पोटावर चरबी हा आपला साचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे जिल्ह्यातल्या गावांतल्या बाळांवर केलेल्या कामातून हे जगापुढे आलं: वजनाला हलकं बाळ, पण चरबीचं प्रमाण मात्र जास्त. जन्मताना वजन कमी आणि मग भराभर बाळसं धरलेलं मूल असेल, घरात आई-बाबांना किंवा आजी-आजोबांना मधुमेह असेल, तर बीएमआय ठीक असूनही पोट मोजावं.

बीपी हा पॅकेजातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. ॲपवाला घेतच नाही. रुग्णालयात घेतात, पण चुकीच्या पट्ट्याने. लठ्ठ मुलाचा दंड जाड असतो. लहान मुलांचा पट्टा लावला तर बीपी खोटं जास्त येतं, आणि सडपातळ मुलाला मोठ्यांचा लावला तर खोटं कमी. पट्ट्याच्या आतल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या ४० टक्के आणि लांबी ८० ते १०० टक्के हवी. दंडाचा घेर २५ सेंटिमीटर तर रुंदी १० आणि लांबी २० ते २५. मूल पाच मिनिटं शांत बसलेलं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, उजवा हात हृदयाच्या पातळीवर. जिने चढून आल्या-आल्या घेतलेल्या बीपीला अर्थ नाही.

आकडाही वयाचा लावायचा. दहा वर्षांच्या मुलाचं ११८ वर ७८ पाहून ‘एकदम मस्त’ म्हणतात. २०१७ च्या अमेरिकन तक्त्यात या वयाच्या मुलग्यासाठी पुन्हा नीट मोजा असं सांगणारी रेषा १०८ वर ७२ आहे. १३ वर्षांपासून मोठ्यांसारखंच: १२० वर ८० च्या आत चांगलं, १३० वर ८० पासून वाढलेलं. तीन वेगवेगळ्या भेटींत जास्त आलं तरच आजार म्हणायचं.

आणि रोज रात्री घोरणं, झोपेत श्वास अडकणं, सकाळी डोकेदुखी. हे कुठल्या नळीत दिसत नाही. पॅकेज विकणाऱ्याने हा एक प्रश्न जरी विचारला तरी त्याला एक तारा जास्त द्यावा.

डाएट चार्ट आणि ‘प्रोग्रॅम’

रिपोर्टासोबत आहारतज्ज्ञाचा फोन ‘फ्री’ येतो, दहा-पंधरा मिनिटांचा. मग व्हॉट्सॲपवर चार्ट. बऱ्याचदा हा वजन कमी करणाऱ्या मोठ्या बाईचा १२०० कॅलरींचा चार्ट असतो, नाव तेवढं बदललेलं. आयसीएमआर-एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या आकड्यांप्रमाणे १० ते १२ वयाच्या मुलग्याची गरज साधारण २२२० कॅलरी आहे, मुलीची २०६०. निम्म्यावर आणलेलं मूल चार दिवस टिकतं, पाचव्या दिवशी शाळेबाहेर दोन वडापाव. त्यात किन्वा, ॲव्होकाडो, ग्रीन टी. ज्या घरात तांदळाची भाकरी आणि मांदेलीचं कालवण होतं, तिथे हा कागद फ्रिजवरच राहणार.

चांगला चार्ट पाच मिनिटांत ओळखता येतो. तो आधी विचारतो: डबा कोण भरतं, दुपारी घरी कोण असतं, कॅनमधलं तेल किती दिवसांत संपतं. चौघांच्या घरात पाच लिटरचा कॅन महिन्यात संपला तर माणशी रोज ४० मिलीच्या वर गेलं. तिथे बदामाचा सल्ला देऊन उपयोग नाही. गोड पेयं पहिली बंद. कोलाच्या २५० मिलीत साधारण २६ ग्रॅम साखर असते, आणि ९ वर्षांच्या मुलाच्या १७०० कॅलरींत वरून घातलेल्या साखरेची जास्तीत जास्त मर्यादाच ४२ ग्रॅमच्या आसपास. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरीही त्यातच धराव्यात. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदराखाली विकू नका असं ऑनलाइन दुकानांना कळवलं होतं. भाताची मूद एक, उसळ वाटीभर, कोशिंबीर आधी आणि भरपूर, ताक बिनसाखरेचं. खारी, टोस्ट, बिस्किटांचा डबा घरातच नको. मुलासाठी वेगळा नियम आणि बाबांसाठी वेगळा असं चालत नाही. शाळेच्या आवाराबाहेर ५० मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ विकायला एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी बंदी आहे. फाटकावर उभं राहून पाहिलं तर हे कोणाला ठाऊक नसावं असं वाटतं.

वजनाचं उद्दिष्ट हा प्रोग्रॅमवाल्यांचा कच्चा दुवा. ‘महिन्यात पाच किलो’ असं लहान मुलाबद्दल बोलणाऱ्याकडून पैसे परत घ्यावेत. ६ ते ११ वयात बहुतेकदा वजन आहे तिथे रोखणं पुरतं, कमी करायचंच तर महिन्याला अर्धा किलो. नऊ वर्षांची मुलगी, १३८ सेंटिमीटर, ४२ किलो, बीएमआय २२. वर्षभरात उंची ६ सेंटिमीटर वाढली आणि वजन ४२ वरच राहिलं तर बीएमआय २०.३. एक किलोही न उतरवता.

याला वेळ लागतो, आणि तोच वेळ पॅकेजात विकला जात नाही. २०२३ च्या त्याच मार्गदर्शिकेत परिणाम दिसायला ३ ते १२ महिन्यांत २६ किंवा जास्त तास, समोरासमोर, कुटुंबासकट, असं दिलं आहे. १५ मिनिटांच्या फोनाच्या हिशोबाने हे १०४ फोन झाले. क्लिनिक निवडताना एकच विचारावं: एकूण तास किती, समोरासमोर किती, आणि आई-बाबा दोघांना बसावं लागतं का. सल्लागार मुलाशी बोलतो की मुलासमोर मुलाबद्दल, हेही पहिल्या भेटीत दिसतं. ‘काय रे जाड्या’ म्हणून सुरुवात करणारा असेल तर उठून यावं.

खेळाचा सल्ला बहुतेक ठिकाणी ‘रोज ६० मिनिटं’ इतकाच. आकडा बरोबर आहे, जागतिक आरोग्य संघटनेचाच आहे. पण सहाची बस, दुपारी क्लास, संध्याकाळी दुसरा क्लास यात तास कुठून काढायचा, ते कोणी बसून मांडत नाही. दोन तुकडे केले तरी चालतात: अर्धा तास सोसायटीच्या पोडियमवर, अर्धा तास चालत क्लासला. रविवारी येऊर, उपवन किंवा वाशीचा सागर विहार. पावसाळ्यात जिने. फार वजनाच्या मुलाला दोरीउड्यांनी सुरुवात करून देऊ नये, पोहणं बरं. अशा मुलाच्या मांडीत, गुडघ्यात दुखू लागलं आणि ते लंगडू लागलं तर ‘वजनामुळे दुखतंय’ म्हणून सोडून न देता त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांना दाखवावं. खुब्याच्या हाडाची टोपी सरकलेली असू शकते, आणि दुखणं गुडघ्यात जाणवतं. झोप ६ ते १२ वयात ९ ते १२ तास. क्लासचं वेळापत्रक लावताना आधी ही लावावी.

कोणाकडे जावं

ॲपचं पॅकेज घ्यायचंच तर सर्वांत स्वस्त घ्या, किंवा वर सांगितलेल्या चार तपासण्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सुट्या करा. ‘दर तीन महिन्यांनी’ची वर्गणी नको, सगळं ठीक आलं तर वर्षाने पुरतं. रुग्णालयाचं पॅकेज शेवटच्या डॉक्टरांमुळे बरं, पण ते बालरोगतज्ज्ञ आहेत की मोठ्यांचे फिजिशियन, हे बुकिंगच्या वेळी विचारा. खिशाला परवडत नसेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि वाशी, नेरूळ, ऐरोलीची महापालिका रुग्णालयं आहेत. रांग लांब असते, डबा-पाणी घेऊन जावं. मुलाचं लसीकरणाचं पुस्तक आणि आधी घेतलेल्या उंची-वजनाच्या नोंदी सोबत न्याव्यात.

पॅकेजची तारीख घेत बसू नये अशी आणखी एक वेळ आहे. लठ्ठ मूल अचानक सारखं पाणी पितंय, रात्री लघवीला उठतंय, गादी ओली करणं बंद झालं होतं ते पुन्हा सुरू झालं, आणि खाऊनही वजन उतरतंय. ‘बारीक झाला, बरं झालं’ असं घरात कोणी म्हणायच्या आत, उपाशी असो वा जेवलेलं, त्याच दिवशी जवळच्या कुठल्याही दवाखान्यात बोटाच्या टोकाची साखर पाहून घ्यावी. २०० किंवा जास्त असेल, किंवा सोबत उलट्या, पोटदुखी किंवा जोरजोरात श्वास असेल, तर घरी न परतता थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावं.